पोटखराबा: सोलापूरचा माळ, सप्टेंबरची फुलं आणि माझे बाराशे खड्डे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जिथं अडखळले तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटीच बोलणार आहे. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले की सोलापूरवर एखादा एपिसोड कर, पण प्लीज चादर आणि शेंगाचटणी सोडून. ठीकाय. आज चादर नाही, चटणी नाही, गड्डा यात्रा पण नाही. आज माळ. आणि मी केलेली एक चूक, जी चार वर्षं झाली तरी माझ्या फोनमध्ये एका फोल्डरमध्ये पडून आहे.

आधी थोडं, जे सोलापूरचे नाहीत त्यांच्यासाठी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सोलापूर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे आणि आमच्याकडं पडतो साधारण साडेपाचशे. म्हणजे दहावा हिस्सा. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्याकडं येईपर्यंत नुसता वारा उरतो. जूनमध्ये पुण्यातल्या ऑफिसमध्ये सगळे छत्र्या घेऊन येतात तेव्हा मी घरी फोन केला की पप्पा म्हणतात, "आभाळ येतंय अन् जातंय." आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा. वर्षातला सगळ्यात जास्त पावसाचा महिना तोच. तोपर्यंत माळ कसा दिसतो? तपकिरी. मुरूम, दगड, वाळलेलं गवत, सराट्याचे काटे. पुण्याच्या मैत्रिणीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हे राजस्थान आहे का?" वाळवंट नाहीये हो आमचं. पण आठ-नऊ महिने तसं दिसतं, हे मान्य.

आता 2020 ला जाऊ. मी नोकरीला लागून वर्ष झालेलं, आणि लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात आहे, नान्नजपासून फार लांब नाही. नान्नज म्हटलं की दोन गोष्टी, द्राक्षं आणि माळढोक. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली तिथं अभयारण्य जाहीर झालं. पण आमच्या गावातल्या पोरांना विचारलं तर ते एवढंच सांगतील की तिकडं गाडी वळवू नका, फॉरेस्टवाले हटकतात.

तर त्या वर्षी पाऊस चांगला झाला. घरात रेंज नव्हती, गावाबाहेर गायरानाच्या उंचवट्यावर फोर-जीच्या दोन कांड्या यायच्या. म्हणून मी सकाळी साडेसहाला चुलतभावाच्या गाडीवर मागं बसून तिथं जायची, कोड पुश करायची आणि परत. पहिले आठ दिवस मी माळाकडं बघितलंच नाही. स्क्रीनकडं बघत होते. नवव्या दिवशी काहीतरी मोठं अपलोड होत होतं, टक्का हलेना, म्हणून एका दगडावर बसले. आणि पायाजवळ निळा ठिपका दिसला.

विष्णुक्रांत. नाव तेव्हा माहीत नव्हतं. नखाएवढं फूल, पण निळा असा की कॅमेऱ्यात येतच नाही नीट. एक दिसलं की मग डोळ्याला सवय होते, आणि मग दहा दिसतात, मग कळतं की मी ज्यावरनं चालत आले ते सगळं फुललंय. केना, त्याच्याच लांबच्या नात्यातली जांभळी नीलवंती, सराट्याची पिवळी फुलं (हो, तोच सराटा जो आपल्या चपलेत घुसतो), उन्हाळीचे जांभळे तुरे, तुंबा, आणि गवतात दडलेली बारीक लालसर फुलं, ज्यांच्याबद्दल पुढं बोलणार आहे.

इथं एक सांगते. तुम्ही रीलमध्ये बघता तसा गालिचा वगैरे काही नाही. 2015 साली चिलीच्या अटाकामा वाळवंटात मोठा पाऊस झाला आणि मग मैलोन्‌मैल गुलाबी झालं, ते ड्रोननं दिसतं. आपल्या कासला पण उभ्या उभ्या दिसतं, म्हणून तर 2012 ला जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथं गर्दी आवरायची वेळ आली. 2019 ला कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोर गावाबाहेर पॉपी फुलल्या तेव्हा इतकी गाड्यांची रांग लागली की गावानं काही काळ रस्ताच बंद केला. आमच्या माळावर रांग लागत नाही. कारण आमचा माळ उभ्यानं दिसत नाही, उकिडवं बसावं लागतं. आणि सकाळीच जावं लागतं. विष्णुक्रांतीचं फूल दुपारपर्यंत मिटतं. तुम्ही अकराला पोचलात तर तुम्हाला फक्त गवत आणि ऊन.

मी त्या महिन्यात चारशेच्या वर फोटो काढले. घरी आज्जीला दाखवले. आज्जी तेव्हा सत्तरी पार केलेली. तिनं स्क्रीन डोळ्यापाशी धरली आणि त्या बारीक लालसर फुलावर थांबली.

"हा बरबडा हाय की गं."

मी म्हटलं, कोण बरबडा?

"आगं, ह्याची भाकर खाल्लीय आम्ही. भात्तरच्या दुष्काळात."

बहात्तरचा दुष्काळ आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्वारी गेली, विहिरी आटल्या, लोक खडी फोडायच्या कामावर गेले. आज्जी पण होती खडीवर, पदरात माझी आत्या. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, पोरांना सुकडी. आणि बायका माळावर, बांधावर जाऊन बरबड्याच्या शेंगा आणायच्या, झोडायच्या, बी दळून मिलोच्या पिठात मिसळायच्या. चवीबद्दल विचारलं तर आज्जी म्हणाली, "चव कशाची गं, प्वाट भरायचं." ज्वारी वाळून गेली त्या पावसावर हे आपोआप आलं होतं. कुणी पेरलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं.

हे ऐकून मी काय करायला हवं होतं? आणि मी काय केलं? ऐका आता.

2021. दुसरी लाट ओसरत होती. आमच्या कंपनीत, नाव घेत नाही, सीएसआरचा मेल आला, वृक्षारोपणासाठी जागा सुचवा. आणि मी, जिनं चारशे फोटो काढले होते, त्या मुलीनं उत्तर लिहिलं की आमच्या गावाजवळ मोठी मोकळी जागा आहे, काहीच येत नाही तिथं. हे वाक्य माझ्या सेंट मेलमध्ये अजून आहे. "काहीच येत नाही तिथं." जून महिना होता ना. मला स्वतःला तपकिरी माळच आठवत होता. आणि झाड लावणं म्हणजे चांगलंच, हे शाळेपासून डोक्यात. राज्य सरकारनं 2019 ला एका पावसाळ्यात 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, आमच्या कॉलेजनं पण लावली होती, सेल्फीसकट.

मी एवढ्यावर थांबले नाही. ॲप पण मीच लिहिलं. प्रत्येक खड्ड्याला क्रमांक, क्यूआर कोड, जीपीएस, रोपाचा फोटो. माझ्या करिअरमधलं पहिलं असं काम जे मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं केलं. बाराशे खड्डे. ग्रामपंचायतीनं परवानगी दिली, जेसीबी आला, दोन दिवसांत काम संपलं.

पहिल्या दिवशी दुपारी मी खड्ड्यांचे फोटो काढत फिरत होते. मुरमाच्या ढिगावर पांढरे कांदे पडले होते. मुठीएवढे, काही त्याहून मोठे, बकेटनं कापले गेलेले, आतून चिकट पाणी येत होतं. मी ऑपरेटरदादांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "रानकांदं. खाऊ नका मॅडम, खाजतंय." मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, 'जंगली कांदे', सोबत हसणारी इमोजी.

रानकांदा म्हणजे काय, हे मला पुढच्या वर्षी कळलं. त्याला आधी फूल येतं, मग पान. उन्हाळ्यात, पानाचा पत्ता नसताना, कोरड्या मुरमातनं एक दांडा वर येतो. ते पाणी, ती साखर कुठून येते? मागच्या पावसाळ्यांची बचत. मी ज्याचा फोटो काढला ती त्याची बँक होती, आणि आम्ही ती उन्हात फेकून दिली होती.

आता थोडं तांत्रिक बोलते, कारण माझा मुद्दा इथंच आहे.

आपल्याला वाटतं की पाऊस आला म्हणून फुलं आली. अर्धं खरं. पाऊस म्हणजे फक्त ट्रिगर. माल आधीपासून जमिनीत असतो. बिया, कंद, गाठी. आणि त्या बिया पहिल्या थेंबाला उठत नाहीत. फ्रिट्झ वेन्ट नावाचा शास्त्रज्ञ होता, त्यानं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या बियांवर काम केलं. 1955 साली त्यानं एक गंमत लिहिली. माती खालून भिजवली तर बी उगवत नाही. तेवढंच पाणी वरनं पावसासारखं सोडलं तर उगवते. कारण काही बियांच्या सालीत उगवण रोखणारी रसायनं असतात, ती वरनं धुऊन जावी लागतात. अर्ध्या इंचाहून कमी पाऊस झाला तर बी हलत नाही, इंचभर-दोन इंच झाला तर कामाला लागते. म्हणजे बीला पर्जन्यमापक बसवलेला आहे.

आपल्या माळावरची प्रत्येक बी असंच करते असं नाही. बरबडा, उन्हाळी, तरवड ही शेंगांची मंडळी. यांच्यात बऱ्याच बियांचं कवचच इतकं कठीण असतं की पाणी आत जात नाही. उन्हानं तडकून, मातीत घासून, एकेका बीचा नंबर वेगवेगळ्या वर्षी लागतो. केन्याची तर कमालच. तो वर निळी फुलं दाखवतो आणि मातीच्या खाली, अंधारात, न उमलणारी वेगळी फुलं काढतो आणि तिथंच बी धरतो. गुरानं वरचं सगळं खाल्लं तरी खालचा माल शाबूत. आणि कुसळी गवत, तुमच्या सॉक्समध्ये अडकतं ते, त्याची कुसळं ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत पीळ बसतो, आणि असं करत करत ती बीला स्क्रूसारखी जमिनीत घालतात.

मग प्रश्न असा की सगळ्या बिया एकाच चांगल्या वर्षी का उगवत नाहीत? इथं मला गणित आवडलं. डॅन कोहेन नावाच्या माणसानं 1966 ला हे मांडलं, मी माझ्या आकड्यांत सांगते. समजा 100 बिया आहेत. चांगल्या वर्षी उगवलेली एक बी दहा बिया देते, वाईट वर्षी शून्य. सगळ्या उगवल्या तर पहिल्या चांगल्या वर्षी 1,000. मस्त. दुसऱ्या वर्षी दुष्काळ, 1,000 गुणिले शून्य. खेळ खल्लास, कायमचा. आता दुसरं झाड निम्म्याच बिया उगवू देतं. चांगल्या वर्षी 50 चे 500, आणि झोपलेल्या 50, म्हणजे 550. दुष्काळात उगवलेल्या 275 गेल्या, 275 शिल्लक. कमी वाढला, पण जिवंत. गुणाकारात एकदा जरी शून्य आला की मागचं सगळं वाया, म्हणून शून्य येऊच द्यायचा नाही. तुमचा तो मित्र असतो ना, ज्यानं सगळा बोनस एकाच शेअरमध्ये टाकला होता? त्याला ऐकवा.

आणि किती वर्षं थांबू शकते बी? 1879 साली अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या प्राध्यापकानं वीस बाटल्यांत बिया आणि वाळू भरून पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि पेरायची. जागा गुप्त, काढायची पण रात्री, म्हणजे बियांवर उजेड पडू नये. एक बाटली 2021 च्या एप्रिलमध्ये काढली. 142 वर्षांनी. आणि त्यातल्या काही बिया उगवल्या! पुढची 2040 ला. मला हे वाचून आनंद पण झाला आणि कसंतरी पण. एप्रिल 2021 ला तिकडं काही माणसं टॉर्च घेऊन, एक बाटली जपून, हातानं माती बाजूला करत होती. आणि दोनच महिन्यांनी इकडं मी जेसीबीला लोकेशन पाठवत होते.

खड्ड्यात नेमकं काय होतं? माळावर मातीचा थर वीतभर पण नसतो. बी असते ती वरच्या दोन-चार बोटांत. जेसीबीनं तो थर तळाला जातो आणि तळाचा मुरूम वर येतो. बारीक बी खोल गेली की तिच्यात वर यायची ताकद नसते. फुलं त्या वर्षी दिसली नाहीत एवढंच नाही, बचतच गेली. कोडच्या भाषेत सांगते, आम्ही स्क्रीन नाही फोडली, हार्ड डिस्क फोडली.

2022 च्या सप्टेंबरमध्ये मी कौतुकानं बघायला गेले. गिरीपुष्पाची रोपं लावली होती मुख्यतः, कारण ते पटकन वाढतं आणि शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. बरीच जगली होती. आणि प्रत्येक खड्ड्याभोवती, उकरलेल्या मुरमावर, पांढरी फुलं. ऑफिसच्या ग्रुपवर ड्रोनचा व्हिडिओ आला, खाली कुणीतरी लिहिलं, "वाव, फ्लॉवर्स!" ते गाजरगवत होतं. काँग्रेस गवत. 1950 च्या दशकात पुण्याकडं पहिल्यांदा नोंद झालेलं, आणि आता जिथं कुणी जमीन उकरली तिथं सगळ्यात आधी हजर. आज्जीनं व्हिडिओ बघितला. तिनं काही बोलली नाही, फक्त विचारलं, "बरबडा कुटंय?"

2023 ला पावसानं दडी मारली, ऑगस्ट कोरडा गेला, टँकर सुरू झाले. रोपांना कोण पाणी घालणार? माझ्या ॲपमध्ये 'मृत' असा पर्यायच ठेवला नव्हता मी. खरंच. 'लावले', 'जगले', 'वाढले' एवढेच तीन. तर बाराशे खड्डे अजून 'जगले' म्हणून हिरवे दिसतात त्या नकाशावर.

मग 2024 आलं, पाऊस चांगला झाला, आणि मला सुचलं की हा नकाशा वापरता येईल. माझ्याकडं प्रत्येक खड्ड्याचं जीपीएस आहे. म्हणजे कुठं उकरलंय आणि कुठं नाही हे मला मीटरभराच्या नाही पण दोन-चार मीटरच्या हिशेबानं माहीत आहे, बाकी डोळ्यानं दिसतं. चुलतभावानं बांबूची एक चौकट करून दिली, मीटर बाय मीटर. दहा खड्ड्यांवर ठेवली, आणि दोन खड्ड्यांच्या मधल्या न उकरलेल्या दहा जागांवर. आत जेवढ्या प्रकारच्या वनस्पती दिसल्या तेवढ्या मोजल्या. नावं सोलापुरातल्या एका वनस्पतिशास्त्राच्या सरांनी फोटोंवरनं सांगितली, त्यांना मी रात्री अकराला पण त्रास दिलाय, सर सॉरी. हा काही शोधनिबंध नाही, वीस चौकटींत काय सिद्ध होतं? पण खड्ड्यांवर जास्तीत जास्त पाच प्रकार मिळाले, बहुतेक ठिकाणी गाजरगवतासकट तीन. मधल्या जागेत सगळ्यात कमी नऊ, सगळ्यात जास्त सतरा.

आणि त्या सतरावाल्या चौकटीत गवताला लपेटून एक वेल होती. फूल असं की मला वाटलं किडा आहे. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, कंदिलासारखी. म्हणूनच मराठीत कंदीलपुष्प. सरांचा लगेच फोन आला, मेसेज नाही, फोन. खर्पुडीपैकी आहे म्हणाले, सेरोपेजिया. हे फूल बारीक माश्यांना वासानं बोलावतं. माशी नळीतनं खाली उतरते, आतले केस खालच्या दिशेला वळलेले, त्यामुळं वर येता येत नाही. ती आत अडकून फिरते, तिच्या अंगाला परागांची पुडी चिकटते. मग केस सुकतात आणि तिची सुटका होते. मारत नाही, फक्त ओव्हरटाइम करायला लावते. (यावर आमच्या टीममधले खूप हसले.)

याच्या खाली पण कंद असतो. मेंढपाळ पोरं उकरून खातात. आमच्या बाराशे खड्ड्यांत असे किती गेले, ते मोजायला आता काही साधन नाही.

सर म्हणाले, सोलापूर जिल्ह्यात हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींची नोंद आहे, 2015 ला यादी छापली गेली. आणि एका फुलाला तर आपल्या शहराचं नाव आहे. क्रायनम सोलापूरेन्स. लिलीच्या जातकुळीतलं, कांद्यातनं येणारं, सोलापूर जिल्ह्यात सापडलं. 2014 साली इथल्याच संशोधकांनी जगाला नवीन जात म्हणून सांगितलं, इंग्लंडच्या क्यू बुलेटिनमध्ये छापून आलं. मी सोलापुरात बावीस वर्षं राहिले. शाळेत मला ट्युलिप माहीत होती.

आता शेवटचा भाग, आणि हा सगळ्यात अवघड आहे, कारण हा अजून चालू आहे.

आमच्या सातबाऱ्यावर एक ओळ आहे. पोटखराबा, 60 आर. म्हणजे दीड एकर. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी, पोटखराबा म्हणजे गटातली जी जमीन पिकाखाली येत नाही ती. दगड, मुरूम, उतार. शब्द बघा ना, खराबा. महसूलच्या कागदाला जून महिन्यातला माळ दिसतो, सप्टेंबरमधला दिसतच नाही. या दीड एकरात ना कधी जेसीबी गेला, ना नांगर. आणि यंदा पप्पांनी ठरवलंय की दिवाळीनंतर ती सपाट करायची, तलावातला गाळ आणून टाकायचा आणि कांदा करायचा. शेजारच्यांनी तसं केलंय, आणि पिकतंय.

मी फोन केला. मोठं भाषण दिलं, हेच सगळं, बील आणि बाटल्या आणि सतरा प्रकार. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. अन् सातबाऱ्यावर फुलाचा रकाना हाय का?" मी गप्प. मग म्हणाले, "तुझ्या भावाची फी भरायचीय. तू भरतीस का दीड एकराची?" चिडून नव्हते म्हणत. हिशेब विचारत होते. आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. माळ वाचवा म्हणणाऱ्या आम्ही पुण्यात बसतो आणि पोटखराबा राखायचा तो त्यांनी.

मी हिशेब केला. पाच शेळ्या त्या दीड एकरावर आणि बांधावर वर्षातले किती महिने निघतात, गवताच्या किती पेंड्या निघतात, गाळाच्या ट्रॉल्यांना किती खर्च येतो, कांद्याला पाणी कुठून आणणार. कांद्याचा भाव चांगला असेल त्या वर्षी पप्पांचा हिशेब जिंकतो, माझा हरतो. भाव पडला तर माझा जिंकतो. हे एक्सेलमध्ये पाठवलं. उत्तर आलं नाही. मग आज्जीनं फोन घेतला. आज्जी आता ऐंशीच्या पुढं आहे, कमी ऐकू येतं, त्यामुळं ती बोलते फक्त, ऐकत नाही. म्हणाली, "त्येला मी सांगितलंय, वरचा तुकडा ठिव म्हणून. खालचा कर काय करायचं ते." वरचा तुकडा म्हणजे वीस-पंचवीस आर. पप्पा यावर हो म्हणालेत का? आज्जी म्हणते हो. पप्पा म्हणतात, बघू.

मी या शनिवारी जातेय. आठवडाभर पाऊस झालाय, भावानं काल फोटो पाठवला, निळं दिसतंय. चौकट घेऊन वरच्या आणि खालच्या दोन्ही तुकड्यांवर मोजणार आहे, म्हणजे ठेवायचाच असेल तर कुठला ठेवायचा ते तरी कळेल. ॲपमध्ये 'मृत' हा पर्याय टाकलाय, आणि खड्ड्याऐवजी चौकटीची नोंद करता येईल असं केलंय. तुमच्या गावाजवळ माळ असेल तर ॲपची लिंक खाली आहे. सकाळी सातच्या आत जा, पाण्याची बाटली न्या, उकिडवं बसा. कंद दिसला तर उकरू नका, आणि खर्पुडीसारखं काही मिळालं तर लोकेशन पब्लिक टाकू नका, मला मेसेज करा.

आणि सॉक्स जुने घाला. कुसळं निघत नाहीत.

चला, पुढच्या गुरुवारी भेटू.